कवदर : कड्यावरची केळ

भीमाशंकर म्हटलं की कुणाला ज्योतिर्लिंग आठवतं, कुणाला शेकरू. मला आठवते ती पावसाळ्यात कड्याच्या खाचेत उभी असलेली रानकेळ. कुणी तिला कवदर म्हणतं, कुणी चवेणी.

परदेशातले आपले भाऊबंद अधूनमधून विचारतात, "अंगणात केळ लावायची आहे, पण इथे थंडी आणि माती चिकण. जगेल का?" उत्तर शोधायला गेलो आणि इतिहासात शिरलो.

थंड देशांत लावतात ती केळ म्हणजे 'मुसा बासजू'. मूळची चीनची, पण नाव जपानी. १६८१च्या सुमारास एका शिष्याने दिलेलं असंच झाड झोपडीपाशी लावलं गेलं आणि त्यावरून जपानच्या एका कवीचं नाव पडलं : बाशो. हिवाळ्यात हिचं वरचं सगळं जळून जातं, पण कंद जगतो आणि थंडी सरली की पुन्हा फुटतो.

आपली कवदर हेच करते, फक्त शत्रू वेगळा. पावसाळा सरला की तिची पानं वाळतात आणि उन्हाळाभर कंद कोरडा पडून राहतो. पहिल्या पावसात पुन्हा कोंब!

विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'मुसा सुपर्बा' म्हटलं. सुपर्बा म्हणजे दिमाखदार. रॉक्सबर्ग १८१५ साली गेले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १९४७-४८च्या सुमारास, त्रिनिदादमध्ये केळींचा अभ्यास करणाऱ्या चीझमन यांनी तिला केळीच्या घरातून काढून 'एन्सेट' या घराण्यात घातलं. इथिओपियात लाखो लोक ज्या झाडाच्या कंदावर आणि खोडावर जगतात, ते हिचं भावंड. घर वेगळं करण्याचं एक कारण साधं आहे. केळीला बाजूने पिल्लं फुटतात, कवदरीला फुटत नाहीत. काही वर्षं वाढायचं, एकदाच घड धरायचा आणि मरायचं. वंश चालतो तो फळातल्या काळ्या, टणक बियांवर.

आता मातीचं. भीमाशंकरला पाऊस थोडाथोडका नाही, पण कड्यावर पाणी थांबत नाही. केळीचा कंद नुसत्या थंडीपेक्षा थंड, ओल्या मातीत लवकर कुजतो. चिकणमातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली, तर त्या खड्ड्याचा हौद होतो. त्यापेक्षा सगळ्याच जागेत पालापाचोळ्याचं खत मिसळून उंचवटा करावा आणि त्यावर केळ लावावी. जळगावकडे काळ्या जमिनीत केळी पिकते तीही गादीवाफ्यावर, ठिबकच्या मोजक्या पाण्यावर. थंड देशात मात्र हिवाळ्याआधी बुंध्यावर कोरड्या पाल्याची जाड दुलई हवी.

हे सगळं बासजूसाठी. कवदर कड्यावरून खणून आणायची नाही. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या महादेव कोळ्यांनी देवराया राखल्या, देवाच्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही म्हणून. तो नियम कवदरीला तर फारच लागू आहे. पिल्लं न देणारं झाड बी धरण्याआधी उपटलं, की त्याच्या मागे काहीच उरत नाही.

असो. कुणाला लावायचीच असेल तर रोपवाटिकेतून बी किंवा रोप घ्या. वेळ लागेल. कड्यावरही तिला लागतोच की.