घरचे ध्वनिमिश्रण : मत मागावे कसे, द्यावे कसे

एकेकाळी गाणे ध्वनिमुद्रित करायचे तर स्टुडिओची पायरी चढावी लागे. तासाच्या हिशेबाने भाडे, ध्वनिमुद्रक, वादक असा सारा सरंजाम जमवावा लागे. संगणकाने हे चित्र पालटले. १९९१ मध्ये 'प्रो टूल्स' बाजारात आले आणि २००० मध्ये 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध झाले. आज पुण्या-मुंबईतल्या सदनिकेत, कपाटाच्या आडोशाला मायक्रोफोन लावून भावगीत, अभंग किंवा गणेशोत्सवासाठी आरती मुद्रित करणाऱ्या हौशी कलावंतांची वानवा नाही.

मुद्रण सोपे झाले. मिश्रण मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले. स्वतंत्रपणे मुद्रित केलेले गायन, तबला, हार्मोनियम, बासरी यांचा मेळ घालणे, कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवणे म्हणजे मिश्रण. स्टुडिओत या कामाला निदान दुसरा माणूस शेजारी असे. घरी गायक, मुद्रक आणि मिश्रक एकच असल्याने मत विचारण्यासाठी मित्र, नातेवाईक किंवा दुसरा हौशी कलावंत गाठावा लागतो. त्यांच्याकडून बहुधा दोनच उत्तरे येतात : 'मस्त झालंय' किंवा 'मजा नाही आली'. पहिल्याने बरे वाटते, दुसऱ्याने वाईट वाटते. पुढे काय करायचे हे दोन्हींतून कळत नाही. मिश्रणावरचे मत हा निकाल नसून दुसऱ्या कानाने केलेली नोंद आहे, एवढे दोन्ही बाजूंनी लक्षात घेतले तर हा व्यवहार फलदायी होऊ शकतो.

कान का फसतात?

एकच गाणे शेकडो वेळा ऐकले की त्याचे शब्द पाठ होतात. मग ते अस्पष्ट असले तरी मन ते भरून काढते. गायन वाद्यांखाली दबले आहे, हे खुद्द गायकाला सर्वांत शेवटी कळते ते यामुळेच.

दुसरे कारण कानाच्या रचनेत आहे. बेल लॅबोरेटरीजमधील हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, आवाजाची पातळी जितकी कमी तितके कानाला खर्जातले सूर अधिकच क्षीण ऐकू येतात. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून रात्री हळू आवाजात केलेले मिश्रण दुसऱ्या दिवशी मोठ्याने लावले की डग्ग्याने भरून गेलेले वाटते, त्याचे मूळ इथे आहे.

तिसरे कारण खोली. १० बाय १० फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्‌झचा ध्वनी घुमतो. लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांना तोच सूर अडकतो. भिंतीलगत तो फुगतो, खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो. खुर्ची थोडी सरकवली तरी गाणे निराळे भासते.

चौथे कारण ऐकण्याचे साधन. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर डग्गा आणि बेस गिटारचा खालचा भाग जवळजवळ पोहोचतच नाही. याबाबतीत यामाहाच्या 'एनएस-१०' या स्पीकरची कहाणी बोलकी आहे. १९७८ मध्ये तो घरगुती वापरासाठी आला, पण पुढे जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. तो गाणे गोड करून ऐकवत नसे. मधल्या पट्टीतले दोष उघडे पाडत असे. २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, तरी अनेक स्टुडिओंनी तो जपून ठेवला. मत देणाऱ्या श्रोत्याकडून अपेक्षा असते ती याच गुणाची.

मत मागण्यापूर्वी

'कसे वाटले?' या प्रश्नाला मोघम उत्तरच मिळणार. त्याऐवजी दोन-तीन नेमके प्रश्न विचारावेत. 'दुसऱ्या अंतऱ्यात शब्द कळतात का?', 'तबला गायनाच्या वर जातो का?' अशा प्रश्नांना संगीताचे शिक्षण नसलेला श्रोताही प्रामाणिक उत्तर देऊ शकतो.

गाणे कोणत्या टप्प्यावर आहे, हेही आधी सांगावे. मिश्रणाचा कच्चा आराखडा आणि उद्या प्रकाशित व्हायचे गाणे यांना एकच मापदंड लावता येत नाही. ज्या ध्वनिचित्राच्या जवळ जायचे आहे, असे एखादे प्रकाशित गाणे सोबत दिल्यास श्रोत्याला दिशा मिळते.

तांत्रिक बाजूने, शक्यतो २४ बिटची 'वेव्ह' फाइल द्यावी. सर्वोच्च पातळी कमाल मर्यादेच्या काही डेसिबल खाली राखावी. आवाज मोठा भासावा म्हणून शेवटी लिमिटर लावून गाणे दाबू नये. तसे केले की मिश्रणातले दोष त्या दाबाखाली झाकले जातात. प्रत्येक प्रतीला क्रमांक द्यावा, म्हणजे कोणते मत कोणत्या प्रतीवरचे, याचा घोळ होत नाही.

मत देताना

पहिल्यांदा गाणे न थांबवता, सामान्य श्रोत्यासारखे ऐकावे. लक्ष कुठे उडाले, कुठे कान टोचला, एवढेच ध्यानात ठेवावे. दुसऱ्या ऐकण्यात मिनिट-सेकंदांसह टिपणे घ्यावीत. आपण कशावर ऐकले, हेडफोनवर, लॅपटॉपवर की मोटारीत, हे सांगणे अत्यावश्यक आहे. त्यावाचून 'खर्ज कमी आहे' या वाक्याला अर्थ राहत नाही.

आधी काय ऐकू आले ते सांगावे, उपाय नंतर सुचवावा. समजा, एका भावगीतात गायन दबले आहे. 'गायनाला तीन डेसिबल वाढव' हा झाला उपाय, आणि तो चुकीचा असू शकतो. 'एक मिनिट बारा सेकंदांनंतर, हार्मोनियम सुरू होताच शब्द कळेनासे होतात' ही झाली नोंद. हार्मोनियम आणि गायन बऱ्याच अंशी एकाच पट्टीत वावरतात, त्यामुळे एक दुसऱ्याला झाकते. नोंद हाती आली की मिश्रकाला पर्याय दिसू लागतात : हार्मोनियमची पातळी उतरवणे, इक्वलायझरने तिचा मधला भाग किंचित कापणे, तिला एका बाजूला सरकवणे किंवा त्या ओळीपुरती ती वगळणे.

दोष नेमका कशाचा, हेही वेगळे करावे. बेसूर लागलेला पंचम ही गायनाची बाब आहे. 'प' आणि 'भ' या अक्षरांना मायक्रोफोनवर बसलेला हवेचा धक्का ही मुद्रणाची बाब आहे. एकाच वेळी चार वाद्ये एकच सुरावट वाजवत असतील तर ती संगीत संयोजनाची बाब आहे. पातळी, 'स' आणि 'श' यांचा टोचरेपणा, रिव्हर्बचा अतिरेक या गोष्टी मिश्रणात हाताळता येतात. मुळात पुन्हा गाऊन घ्यायला हवे असलेले गाणे मिश्रणात सुधारण्याचा सल्ला दिला, तर कलावंताचे आठवडे वाया जातात.

आवड आणि दोष यांतही अंतर ठेवावे. 'मला एवढा रिव्हर्ब आवडत नाही' आणि 'रिव्हर्बमुळे शब्दांच्या कडा पुसल्या जातात' ही दोन वेगळी विधाने आहेत. तक्रारी वीस असल्या तरी महत्त्वाच्या तीनच आधी सांगाव्यात. जे जमले आहे त्याचाही नेमका उल्लेख करावा. तो शिष्टाचार नव्हे. काय जमले हे कळले नाही, तर दुरुस्तीच्या भरात कलावंत नेमके तेच बिघडवून बसतो.

ब्रिटनमधील 'साउंड ऑन साउंड' या मासिकाच्या 'मिक्स रेस्क्यू' या सदराने हीच पद्धत रूढ केली. वाचकाचे मिश्रण घेऊन त्यात काय खटकते, कारण काय आणि दुरुस्ती कशी केली, हे त्यात क्रमाने सांगितले जाई.

मत घेताना

मत ऐकताना खुलासे देण्याचा मोह आवरावा. 'ते मुद्दाम तसे ठेवले आहे' हे सांगायला प्रत्येक श्रोत्याच्या शेजारी गाणे करणारा बसलेला नसतो. सारे लिहून घ्यावे आणि दुरुस्तीला दुसऱ्या दिवशी, ताज्या कानांनी बसावे.

तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवले तर तिथे काहीतरी बिघडले आहे हे नक्की समजावे. तिघांचे उपाय निराळे असले तरी बिघडत नाही. उलट एकाला खर्ज जास्त आणि दुसऱ्याला कमी वाटला, तर आधी दोघांची साधने तपासावीत. प्रत्येक सूचना पाळणारा कलावंत शेवटी कोणाचेच नसलेले गाणे हाती घेऊन बसतो.

दुरुस्तीनंतर जुनी आणि नवी प्रत समान पातळीवर आणूनच तुलना करावी. जेमतेम एक डेसिबलने मोठी असलेली प्रतही कानाला 'अधिक चांगली' वाटते. कोणती प्रत कोणती हे न सांगता दुसऱ्याने ती वाजवल्यास उत्तम. भासणारी पातळी मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००६ मध्ये ठरले आणि आज त्याची मापके मोफत मिळतात. 'स्पॉटिफाय'सारखी सेवा तर मूळ मांडणीतच सर्व गाणी उणे १४ एलयूएफएस या पातळीच्या आसपास आणून वाजवते. तिथे गाणे दाबून मोठे करण्याचा फायदा उरत नाही, दाबल्याची हानी मात्र उरते.

तुलनेमुळे तक्रारीला कसे बळ येते, हे २००८ मध्ये दिसले. 'मेटॅलिका' या अमेरिकी बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' या अल्बममध्ये आवाज फाटतो, अशी श्रोत्यांची तक्रार होती. तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात उपलब्ध होती. दोन्ही रूपे शेजारी ठेवून ऐकता आल्याने नाराजीला पुरावा मिळाला आणि फेरमिश्रणाची मागणी करणाऱ्या निवेदनावर हजारो चाहत्यांनी सह्या केल्या.

दाद आणि नोंद

मराठी रसिकाला दाद देण्याची सवय आहे. बैठकीत समेवर आलेली 'वाह' गायकाला बळ देते, आणि तिची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. पण बैठकीत गाणे समोर घडत असते. मिश्रण अजून घडायचे असते. वर्षभराच्या मेहनतीनंतर पहिले गाणे ऐकवणाऱ्या मुलाला नुसती दाद मिळाली तर तो आहे तिथेच राहतो, आणि नुसती हेटाळणी मिळाली तर बहुधा हेडफोन कायमचे उतरवून ठेवतो. मिनिट-सेकंदांसह दिलेल्या तीन नोंदींना श्रोत्याचा अर्धा तास पुरतो. तेवढ्यावर पुढची प्रत नक्की सुधारता येते.