एक शिलालेख, किती कप्पे? जुन्नरच्या कोरीव लेखांची वर्गवारी

१/ जुन्नरभोवतीच्या तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतील ब्राह्मी लेख बहुधा मोजक्याच शब्दांचे असतात: दात्याचे नाव, त्याची ओळख आणि त्याने दिलेले दान. या लेखांची सूची कशी लावावी, हा प्रश्न वरवर ग्रंथपालाचा वाटतो. प्रत्यक्षात जुन्नरचा कोणता इतिहास आपल्याला दिसणार, हे त्यावरच ठरते.

२/ जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले, ते स्थळवार. पुढे लेखांची संख्या वाढत गेली. १९१२ मध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांनी अशोकाचे लेख वगळून इ.स. ४०० पर्यंतच्या ब्राह्मी लेखांची सूची केली. तिचाही क्रम भौगोलिकच होता.

३/ स्थळाऐवजी राजवंश हा मुख्य वर्ग केला, तर काय होते? मानमोडीवरील एका लेखाला (ल्यूडर्स क्र. ११७४) मानाचे स्थान मिळते. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने मंडप आणि पाण्याची पोढी दान दिल्याची ही नोंद आहे. वर्ष ४६, ते शककालगणनेचे मानल्यास इ.स. १२४ च्या सुमाराचे.

४/ परंतु जुन्नरच्या इतर दात्यांना राजाचे नाव सांगण्याची गरज वाटली नव्हती. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल या यवनाने दोन पोढी दिल्या. राजवंशाच्या वर्गवारीत ही सारी माणसे ‘इतर’ या कप्प्यात जातात. ज्यांच्या दानावर लेणी उभी राहिली, तेच सूचीच्या तळाशी!

५/ या कोंडीवर एक उत्तर ग्रंथालयशास्त्रात सापडते. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात एका विषयाचे अनेक पैलू स्वतंत्रपणे नोंदवता येतात. अयमाचा लेख मग एकाच वेळी ‘मानमोडी’, ‘क्षत्रप’, ‘अमात्य’, ‘पाण्याची सोय’ आणि ‘वर्ष ४६’ या पाचही वाटांनी सापडू शकतो. कागदी सूचीत हे काम शेवटच्या नामसूचीवर सोपवावे लागे. संगणकीय सूचीत ते प्रत्येक नोंदीतच करता येते.

६/ तरीही नवा कप्पा काढताना सावधगिरी हवी. ‘यवन’ म्हणजे ग्रीक, असे शीर्षक दिले की तो निष्कर्ष ठरतो. आणि चंद नावाचा यवनही जुन्नरलाच भेटतो. तो वंशाने ग्रीक होता का, हे लेख सांगत नाही. म्हणून मूळ शब्द ‘यवन’ नोंदीत तसाच राहावा आणि अर्थनिर्णय त्याच्या शेजारी, वेगळा लिहावा.

७/ वर्गवारी बदलल्याने दगडावरचे एक अक्षरही बदलत नाही. मात्र आपण त्याला कोणता प्रश्न विचारू शकतो, हे बदलते. ‘येथे राज्य कोणाचे होते?’ या प्रश्नाला जुन्नर एका लेखातून उत्तर देते. ‘येथे पाणी कोणी दिले?’ असे विचारले, की व्यापारी, यवन आणि अमात्य एकाच रांगेत येऊन उभे राहतात.