डुक्कर फियाट आणि दादाचे पोस्टकार्ड

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. हा लेख नेहमीच्या वाचकमित्रांसाठी आहेच, पण दादाच्या मुलांनी आणि सुनांनी तो जरा सावकाश वाचावा ही विनंती.

यंदा मे महिन्यात कोथरूडचा नातू सुट्टीला पौडला आला, तो हातात एक निळी खेळण्यातली मोटार घेऊनच. २००६ साली 'कार्स' नावाचा चित्रपट आला होता, त्यातली ही म्हातारी, तुसडी पण जाणती गाडी. हडसन हॉर्नेट.

"आबा, ही खरी गाडी होती. स्टॉक कार. आपण हिचं मॉडेल करू या? पण अगदी मापात हं!"

मापात करायचे म्हटल्यावर मला आमच्या शाळेतले दिवाळीचे किल्ले आठवले. त्यात मावळा नेहमी बुरुजापेक्षा उंच आणि वाघ दरवाजापेक्षा मोठा. तेहतीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की प्रमाण चुकले की इतिहास चुकतो. आता माझी परीक्षा होती.

आधी स्टॉक कार म्हणजे काय ते समजून घेतले. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला असलेला माल. दुकानातून घेतली तशीच गाडी शर्यतीत उतरवायची, अशी मूळ कल्पना. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. दक्षिणेकडच्या डोंगरात चोरून दारू गाळणारे लोक ती रात्री मोटारीतून शहरात पोचवत. बंदी उठली तरी कर चुकवण्यासाठी हा धंदा चालूच राहिला. गाडी बाहेरून साधी दिसली पाहिजे, पण पोलिसांच्या हाती लागता कामा नये. म्हणून इंजिनात सुधारणा करायच्या, आणि मालाच्या वजनाने मागची बाजू बसू नये म्हणून पाटे कडक करायचे. यातले बरेच चालक आणि मेकॅनिक पुढे शर्यतीत आले.

आपल्याकडच्या लोकांना याचे नवल वाटू नये. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. माझ्या लहानपणी मुळशीच्या ओढ्यांकाठी हातभट्ट्या लागत आणि मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये भरून दारू खाली जाई. फरक एवढाच, की आमच्याकडे ती माणसाच्या पाठीवरून जाई. त्यामुळे शर्यत काही निर्माण झाली नाही!

१९ जून १९४९ रोजी अमेरिकेत शार्लट येथे 'नॅसकार' या संस्थेने फक्त दुकानातल्या जशाच्या तशा गाड्यांची पहिली शर्यत घेतली. ग्लेन डनवे नावाचा चालक पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डचे मागचे पाटे बदललेले निघाले. दारूवाल्यांचीच ती युक्ती. त्याला बाद केले आणि दुसऱ्या आलेल्या जिम रोपरचे नाव विजेता म्हणून नोंदले गेले. हे मी नातवाला सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग आबा, खरा पहिला कोण?" मी म्हटले, "बघू."

मग त्याची नजर भिंतीकडे गेली. "आपल्या दादाआजोबांची पण शर्यतीची गाडी होती ना? तिचंच करू या की!"

आमच्या बैठकीतला तो फोटो नातेवाइकांना ठाऊक आहे. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब मोटारींच्या शर्यती घेई. बंगालात बराकपूरलाही धावपट्टीवरच शर्यती होत. पुढे १९९० साली मद्रासकडे इरुंगट्टुकोट्टैचा खास ट्रॅक झाला. फोटोत शोलावरमला आमचा दादा फियाटच्या टपावर हात ठेवून उभा आहे. गाडीच्या दारावर पांढऱ्या वर्तुळात नंबर आहे. ही शर्यत दादाने जिंकली, असे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

गाडी डुक्कर फियाट. पुढून नाकाड आणि गोलमटोल, म्हणून पुण्यामुंबईच्या लोकांनी तिचे हे नाव पाडले. खरे नाव फियाट ११००. १९५३ साली इटलीत आलेली ही गाडी १९५४ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होऊ लागली. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीचा. १९६४ च्या सुमारास चौकोनी 'डिलाइट' आली. तिचीच १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

फोटोतली गाडी डुक्करच हे कशावरून? पुढचे दार उघडे आहे आणि त्याच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला आहेत. म्हणजे दार उलटे उघडते. डिलाइटची दारे सरळ उघडत. नातवाला हा पुरावा फार आवडला.

प्रमाण ठरवले एकास बारा. पलीकडच्या गावात एका ओळखीच्या गृहस्थांच्या गोठ्यात अशी एक गाडी उभी आहे, वर कडब्याच्या पेंढ्या. टेप घेऊन गेलो. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २३४ सेंटीमीटर. भागिले बारा, साडेएकोणीस. चाकाची रिम १४ इंची, म्हणजे आपल्या गाडीत तीन सेंटीमीटरला थोडी कमी. सांगाडा सागाच्या तुकड्यांचा, अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे, गोलाईला एमसील आणि पुट्टी. चाके पिरंगुटच्या एका लेथवाल्याने कातून दिली. पैसे घेतले नाहीत, तो माझा विद्यार्थी निघाला.

कोथरूडला भाऊ जोशींचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले, ते मी पाहिले आहे. तिथली सफाई आम्हाला जमणार नव्हती. पण माप चुकवायचे नाही, एवढे दोघांनी ठरवले.

शर्यतीची गाडी करायची म्हणजे काय काय काढायचे, याचीच यादी मोठी. बंपर काढले. चाकांच्या चकचकीत टोप्या काढल्या. मागची सीट काढली. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारली, काच फुटली तर धावपट्टीवर पसरू नये म्हणून. इंजिन १०८९ सीसीचे. त्याचे हेड मशीनवर थोडे घासून घेतले, की आतली जागा कमी होते, मिश्रण जास्त दाबले जाते आणि जोर वाढतो. मात्र इंजिन तापते आणि चुकले तर गॅस्केट उडते. हे सगळे मला दादानेच पूर्वी सांगितलेले.

अमेरिकेत 'दुकानातली गाडी' हा शर्यतीचा नियम होता. आपल्याकडे ती अडचण होती. १९५३-५४ नंतर परदेशी गाड्यांचे भाग आणून इथे नुसते जोडून विकणे जवळजवळ बंद झाले. राहिल्या मुख्यतः हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड. संस्थानिकांकडे आणि थोड्या शौकिनांकडे परदेशी शर्यतीच्या गाड्या होत्या. बाकीच्यांनी ज्या गाडीतून लग्नाला जायचे तीच शर्यतीत आणायची. सुटा भाग मोडला तर दुसरा मिळेलच असे नाही. त्यामुळे गाडी पळवणाऱ्याइतकाच ती टिकवणारा महत्त्वाचा होता.

आता मुद्द्यावर येतो.

मापे घेण्यासाठी फोटो फ्रेममधून काढावा लागला. नातू म्हणाला, "आबा, ही कड आत दुमडली आहे." उलगडली. त्या कडेला आणखी एक गृहस्थ उभे आहेत. अंगात पांढरे कपडे, हातात हेल्मेट. मग त्याने दादाच्या दुसऱ्या हातातल्या काळ्या वस्तूकडे बोट केले. आमच्याकडे तिला बक्षिसाची ढाल म्हणत. त्रैराशिक मांडले. रिम १४ इंची तर ही वस्तू किती? साधारण दीड फूट, आणि टोकाला वाकडी. चाकाचा पाना!

"म्हणजे दादाआजोबा चालवत नव्हते?"

नव्हता. दादा पुण्याच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता आणि गाडी एका हौशी शेठची होती. हे मला तेव्हापासून माहीत आहे. फोटोची कड फ्रेम करताना मीच दुमडून घेतली होती.

झाले असे. १९६८ च्या जानेवारीत वडील गेले. तेरावे झाले आणि दादा मद्रासला निघाला. नोकरी होती, शेठचा शब्द होता. फोटोत त्याचे केस खुंटाएवढे दिसतात ते त्यामुळेच. आई फार चिडली. बापाचे दिवस पुरते सरले नाहीत तोवर हा गाड्या पळवायला चालला, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. फेब्रुवारीत दादाचे पोस्टकार्ड आले. आईला वाचता येत नव्हते, म्हणून मी वाचून दाखवले. मी सोळा वर्षांचा होतो. कार्डावर लिहिले होते: "गाडी शेवटपर्यंत धावली. मध्ये काही मोडले नाही. आईला नमस्कार सांगणे." मी वाचले: "दादाची गाडी पहिली आली."

आई गप्प झाली. मग पदराने डोळे पुसून तिने देवापुढे साखर ठेवली. दादा परत आला तेव्हा मी त्याला दाराबाहेर गाठून सांगितले. तो नुसता हसला. आईसमोर त्याने कधी हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. आई १९९१ मध्ये गेली. तोवर गोष्ट घरभर झाली होती आणि दादाच्या मुलांनी ती शाळेत सांगितली होती. दादाही गेला. पत्र्याच्या पेटीत ते कार्ड मात्र होते. तेहतीस वर्षे मुलांना अस्सल साधन आणि बखर यातला फरक शिकवणाऱ्या मास्तरने एक खोटी बखर घरातच तयार केली होती.

त्या निळ्या हडसनचा इतिहास वाचताना स्मोकी युनिक हे नाव भेटले. १९५२ साली त्या मालिकेतल्या ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या. हर्ब थॉमस या चालकाच्या हडसन गाड्या हा युनिक तयार करी. तो मेकॅनिक, डेटोनाला त्याचे गॅरेज. त्याच्याबद्दल एक दंतकथा आहे, की पुढे त्याने एक शेव्हरले गाडी मूळ मापाच्या सात अष्टमांश करून आणली होती. ते खरे नाही. गाडी मूळ मापाचीच होती, फेरफार बारीकसारीक होते. पण त्याच्या हातांची कीर्ती खरी होती, ती दंतकथेवाचूनही टिकली असती.

दादाचेही तेच म्हणायचे आहे मला. धावपट्टीच्या त्या काँक्रीटवर, उन्हात, चौदापंधरा वर्षांपूर्वीच्या आराखड्याची कौटुंबिक गाडी मोडू न देता शेवटपर्यंत नेणे हे त्याचे काम होते. त्याने ते केले आणि कार्डात तेवढेच लिहिले. मी त्याला पहिला केला, आणि त्यात त्याचे खरे काम पुसून टाकले.

प्रतिकृती गणपतीत पुरी झाली. थोडी वाकडी आहे. डाव्या बाजूचा मडगार्ड दोन मिलिमीटर फुगला आहे, नातवाने तो माप घेऊन पकडला. दार उलटेच उघडते. नातवाने सायकलच्या तारेचा एक पाना केला, दीड इंचाचा, आणि तो गाडीच्या टपावर ठेवला. दादाची आकृती करायला मी नको म्हटले. माणूस मापात करणे आम्हाला जमणार नाही.

फोटो पुन्हा फ्रेम केला आहे, या वेळी कड न दुमडता. खाली पोस्टकार्ड लावले आहे. दादाच्या मुलांनो, दिवाळीला आलात की बघा. रागावलात तर माझ्यावर रागवा. तो खोटे बोलला नव्हता.

असो. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला आहे आणि आमच्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. इथेच थांबतो.