डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर

थंड प्रदेशात पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारीला कधी कधी एक विचित्र दुखणे जडते. हीटर सुरू केला की आत गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके साचते आणि चालकाशेजारच्या आसनापुढचा गालिचा ओला होतो. निदान सोपे असते. हीटर कोअर गळत आहे. हा भाग साधारण वहीएवढा असतो आणि फारसा महागही नसतो. पण तो बदलण्यासाठी कित्येक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्यात दिवस जातो आणि मजुरी भागाच्या किमतीच्या कितीतरी पट होते. एवढासा भाग इतक्या आडजागी कसा गेला, याचे उत्तर त्याच्या इतिहासात सापडते.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भागच यांत्रिक कामासाठी मिळतो. उरलेली बहुतेक उष्णता धुराबरोबर आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. ही उष्णता हवेत सोडण्यासाठी विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. आयतन तेच ठेवून पृष्ठफळ वाढवायचे, ही त्यामागची युक्ती. हीटर कोअर म्हणजे याच रेडिएटरची लहान आवृत्ती. मोठा रेडिएटर उष्णता रस्त्यावर उधळतो, तर छोटा तिच्यातला थोडा वाटा प्रवाशांना देतो. म्हणूनच घाट चढताना इंजिन तापू लागले की जाणते चालक भर उन्हातही हीटर पूर्ण सुरू करतात. तेवढाच एक जास्तीचा रेडिएटर मिळतो.

कल्पना इतकी उघड असताना पहिल्या मोटारींत हीटर का नव्हता? मोटारीच्या हीटरचा शोध १८९३ मध्ये मार्गारेट विलकॉक्स या शिकागोच्या महिलेने लावला, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. तिचे पेटंट खरे आहे, पण ते रेल्वेच्या डब्यासाठी होते. अमेरिकन इंग्रजीत तेव्हा ‘कार’ म्हणजे डबा. मोटारगाडी त्या देशात नुकती कुठे जन्म घेत होती. शब्दाचा अर्थ बदलला आणि वाचणाऱ्यांनी इतिहासही बदलून टाकला.

मोटारीत गरम पाण्याचा हीटर बसायला तीन गोष्टी जुळाव्या लागल्या, आणि त्यांतली एकही हीटरसाठी म्हणून शोधलेली नव्हती. पहिली गोष्ट म्हणजे बंद गाडी. १९१९ मध्ये अमेरिकेत तयार होणाऱ्या दहा मोटारींपैकी जेमतेम एक पूर्ण बंदिस्त असे. उघड्या गाडीत हीटर लावणे म्हणजे अंगणात शेगडी पेटवून घर गरम होण्याची वाट पाहणे. प्रवासी घोंगड्या पांघरत, पायाशी तापवलेल्या विटा ठेवत. १९२७ पर्यंत मात्र दहांतल्या आठांहून अधिक गाड्या बंद झाल्या होत्या.

दुसरी गोष्ट पंप. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये, सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरे. अभिसरणाचा हा प्रयोग आपण वर्गात चंचुपात्रात दाखवतो. पण या दुबळ्या प्रवाहाच्या जोरावर लांबच्या अरुंद नळ्यांतून पाणी फिरवणे कठीण. ‘मॉडेल टी’नंतरच्या ‘मॉडेल ए’मध्ये पंप आला.

तिसरी गोष्ट म्हणजे न गोठणारे पाणी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि बिडाचे इंजिनही फोडू शकते. म्हणून पाण्यात अल्कोहोल मिसळत, पण ते उडून जाई. एथिलीन ग्लायकॉल हे संयुग फ्रेंच रसायनज्ञ वुर्त्झ यांनी १८५० च्या दशकातच तयार केले होते. १९२७ पासून ते ‘प्रेस्टोन’ नावाने मोटारींसाठी विकले जाऊ लागले. पाणी शून्य अंशाला गोठते, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि दोघांचे निम्मे-निम्मे मिश्रण मात्र उणे ३७ अंशांपर्यंत द्रव राहते! विद्यार्थ्यांना हे आधी ओळखायला सांगून पाहावे. ग्लायकॉल गोड असते आणि विषारीही. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्णांचा बळी घेणारी ग्लिसरीनमधली भेसळ याच्याच भावंडाची, डायएथिलीन ग्लायकॉलची, होती. गालिच्यावरचा ओला डाग नुसता पुसून सोडू नये, तो यासाठी.

या तिन्ही गोष्टी जुळेपर्यंत धुराच्या तापलेल्या नळीभोवती हवा फिरवून ती गाडीत सोडण्याचा उपाय चाले. नळीला भोक पडले की त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड आत येई. त्या मानाने गरम पाण्याचा हीटर सुरक्षित. १९३० च्या दशकात तो सर्रास दिसू लागला, तोही वरून बसवायची वस्तू म्हणून. डॅशबोर्डखाली पंख्यासह एक पेटी, तिला दोन रबरी नळ्या आणि चार बोल्ट. गळला तर सोडवायचा, तांब्या-पितळेच्या नळ्यांना डाख द्यायचा आणि परत लावायचा. साध्या गॅरेजमध्ये तासाभरात होणारे काम.

१९३८ मध्ये नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, तापवून, किंचित दाबाने आत सोडणारी व्यवस्था आणली. दाबामुळे फटींतून गार वारा आत शिरेना. ही सुधारणा मोठी होती, पण हीटर आता हवेच्या मार्गात, म्हणजे गाडीच्या अंगातच, गेला. १९५४ मध्ये याच कंपनीने गरम हवा, गार हवा आणि वायुवीजन यांची एकत्र यंत्रणा दिली. पुढे सर्वत्र वातानुकूलनाचा गार भाग आणि हीटर कोअर एकाच पेटीत शेजारी बसले. १९६८ पासून अमेरिकेत समोरच्या काचेवरचे दव-बर्फ घालवणारी व्यवस्था प्रवासी गाड्यांना सक्तीची झाली. म्हणजे हीटर ही चैन उरली नाही, ते सुरक्षेचे साधन झाले.

कारखान्यात ही पेटी आधी बसते आणि डॅशबोर्ड नंतर. दुरुस्ती करणाऱ्याला तोच क्रम उलटा चालावा लागतो. इंजिन गार होऊ द्यायचे, द्रव काढायचा, बॅटरी सोडवायची, मग स्टिअरिंगचा दांडा, तारा, फळ्या. नवा कोअर लावल्यावर नळ्यांत अडकलेली हवा काढली नाही, तर गरम पाणी कोअरपर्यंत पोचतच नाही आणि सारी मेहनत फुकट जाते. जोडणी झटपट व्हावी याचा हिशेब कारखान्याने केला. वीस वर्षांनंतरच्या मेकॅनिकचा वेळ त्या हिशेबात कुठेच नव्हता, हे मला खटकते.

त्यात धातूही बदलला. तांब्या-पितळेऐवजी हलके, स्वस्त ॲल्युमिनियम आले. द्रवातली गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात; द्रव वेळेवर बदलला नाही तर पातळ ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते आणि त्याला सहजी डाख देता येत नाही. काही जण गळती बुजवणारी पूड टाकतात, तीच पुढे बारीक नळ्या तुंबवते. काही जण दोन रबरी नळ्या एकमेकींना जोडून हीटर वगळून टाकतात. गाडी चालते, पण हिवाळ्यात काच साफ होत नाही. बर्फाळ रस्त्यावर हा सौदा वाईटच.

विजेच्या मोटारीत वाया जाणारी उष्णता फारच थोडी असते. तरीही २०१० च्या अखेरीस विक्रीस आलेल्या निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरीच्या विजेने पाणी तापवून ते हीटर कोअरमधूनच फिरवले जाई. परिणामी थंडीत एका चार्जिंगमध्ये गाठता येणारे अंतर चांगलेच घटे. पुढे बाहेरच्या गार हवेतूनही उष्णता खेचणारे उष्मापंप अशा गाड्यांत येऊ लागले.