'नेहमीच' दोन नांगर

नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकले. १०८५ च्या नाताळात त्याने पाहणीचे फर्मान काढले. कोणत्या गावात जमीन किती, नांगर किती, माणसे किती, उत्पन्न किती? तेही तीन वेळचे : जुन्या एडवर्ड राजाच्या काळी, नव्या मालकाला गाव मिळाले तेव्हा, आणि आता. १०८६ मध्ये झालेली ही पाहणी म्हणजे 'डूम्सडे बुक'.

त्यातली एसेक्स परगण्यातल्या हेचम गावाची नोंद पाहू या. (ही जागा आज लंडन शहरात आली आहे.) पूर्वीचा मालक हाल्डेन, आताचा पीटर द व्हॅलोन. बांधील कुळे ८ होती, आता १०. लहानसा तुकडा कसणारे २ होते, आता ३. गुलाम तेव्हाही ४, आताही ४. रान ३०० डुकरे चरतील एवढे. मालकाची गुरे १५, डुकरे १८, मधमाश्यांची पोळी २. उत्पन्न ६९ शिलिंगांवरून ९० वर गेलेले.

एवढे वाचून आम्हीही म्हटले, गाव सुधारले! मग नांगरांकडे लक्ष गेले. मालकाच्या शेतीवर 'नेहमीच' २ नांगर, कुळांचे ४. या पाहणीत एक नांगर म्हणजे आठ बैल. म्हणजे मालकाच्या दावणीला नेहमीच १६ बैल हवेत. पण पुढे कारकून लिहितो : पीटरला गाव मिळाले तेव्हा तिथे एकच बैल होता आणि पेरलेली जमीन एकच एकर.

एका बैलावर दोन नांगर कसे चालतील? आम्हाला वाटते, पहिला आणि शेवटचा आकडा सारखा दिसला म्हणून कारकुनाने 'नेहमीच' लिहिले. मधली मोडलेली वर्षे त्या एका शब्दाखाली झाकली गेली.

ती शेती पुन्हा उभी कुणी केली? नोंदीतल्या १७ माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. या १७ जणांपैकी एकाचेही नाव नोंदीत नाही. बायका-मुले तर मोजलीच नाहीत. मधमाश्यांची पोळी मात्र मोजली. कुटुंबे धरून इतिहासकार अशा आकड्याला चार-पाचने गुणतात. म्हणजे गाव सत्तर-ऐंशी माणसांचे असावे.

ही नोंद वर्गात फळ्यावर लिहून पाहा. मुलांना आधी बेरजा-वजाबाक्या करू द्या. मग विचारा : हे आकडे कुणासाठी मोजले? कोण मोजायचे राहिले? 'नेहमीच' हा शब्द मुलांनीच शोधून काढला, तर इतिहास वाचायला ती शिकली असे समजायला हरकत नाही.