ग्रंथालय आणि रंगमंच : नांदेड-लातूरकडील विचार

मराठवाड्यातील ग्रंथालयांचा इतिहास आपण बहुधा राजकारणाच्या अंगाने सांगतो. ते स्वाभाविकही आहे. निजामी राजवटीत गश्ती निशाण ५३ ने सभांवर परवानगीचे जोखड बसविले, तेव्हा चार मराठी माणसांना एकत्र बसण्यास वाचनालय हे एक हक्काचे ठिकाण होते. परभणीचे गणेश वाचनालय तर १९०१ सालचे. पण या कपाटांनी आमच्या गायनाला आणि नाटकाला काय दिले व काय देता येईल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज तोच विचारावयाचा आहे.

आमची पहिली मिळकत आम्हीच विसरलो आहोत. संगीतरत्नाकर हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीस, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने लिहिला गेला. कर्ता शार्ङ्गदेव हा दरबारातील हिशेबखात्याचा अधिकारी. आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले. सात अध्यायांपैकी शेवटचा नृत्याचा. त्यात गायकाचे पंचवीस दोषही मोजून दिले आहेत : दात आवळून गाणे, भीत भीत गाणे, आवाज कापणे आणि डोळे मिटून गाणे. आमच्या संमेलनांतून डोळे मिटणे ही तन्मयतेची खूण समजली जाते! गाणे शिकणाऱ्या मुलाने हे एक प्रकरण जरी वाचले, तरी आरशासमोर बसण्याचे कारण त्याला कळेल.

नाट्यशास्त्राची गोष्ट अधिक बोलकी आहे. हा ग्रंथ १८९४ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडला. अभिनवगुप्ताच्या टीकेसह त्याचे खंड बडोद्याहून १९२६ पासून निघू लागले. नांदेडात नरहर कुरुंदकर प्रथम प्रतिभा निकेतनमध्ये शिक्षक आणि पुढे १९५० साली निघालेल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य होते. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीपासून इतक्या दूर राहून त्यांनी भरताचा जो अभ्यास केला, त्यावर जी व्याख्याने दिली, त्याचा आधार ग्रंथ हाच होता. आणि हा ग्रंथ केवळ पंडितांचा नव्हे. दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाचे माप चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद दिले आहे, आणि कारणही दिले आहे : गृह याहून मोठे झाले तर बोलणे अस्पष्ट होते, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. युवक महोत्सवाच्या अफाट मांडवात एकांकिका करणाऱ्या मुलांना हे ठाऊक असते, तर त्यांनी डोळ्यांच्या अभिनयावर भिस्त न ठेवता अंगाच्या हालचाली मोठ्या केल्या असत्या.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झालेले लातूरही त्याच्या कक्षेत आले. आता भारूड, लावणी, गोंधळ विद्यार्थी सादर करतात ते बहुधा मोबाईलवर पाहून. मग पाच संघ एकाच चित्रफितीची पाच प्रतिबिंबे होतात. गोंधळ करावयाचा तर दशांश वर्गीकरणाच्या कपाटांत तीन ठिकाणी जावे लागते. संगीत ७८० खाली, रंगभूमी ७९२ खाली, लोककथा ३९८ खाली. पहिल्याच कपाटाशी जो थांबतो त्याला चाल मिळते, विधी मिळत नाही. आणि विधीवाचून दिवटी ही नुसती शोभेची वस्तू होते. गाण्यासाठी भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत बंदिशी स्वरलिपीसह आहेत, त्याही मूळ मराठीत. मात्र स्वरलिपी म्हणजे गाणे नव्हे. पंडित नाथराव नेरळकर नांदेडात अण्णासाहेब गुंजकरांपुढे बसून शिकले, पुस्तकापुढे नव्हे.

म्हणूनच माहूर आणि माळेगाव आमच्या दृष्टीने ग्रंथालयाचेच दोन दालन आहेत. माहूरला रेणुकेचे गोंधळी, माळेगावला खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी आणि तमाशाचे फड. नांदेड जिल्ह्यातल्याच या दोन जागा. ढेऱ्यांचे 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' वाचून जो विद्यार्थी मार्गशीर्षात माळेगावला जाईल, त्याला वाघ्याला काय विचारावे हे समजेल. परत येताना त्याने वहीत गावाचे नाव, तारीख आणि गाणाऱ्याची अनुमती टिपून ध्वनिमुद्रण कॉलेजच्या ग्रंथपालाच्या हवाली करावे. पुढच्या वर्षीच्या संघाला ३९८ च्या कपाटाशेजारी तेही सापडेल.