मृगसाल आणि प्रयोगक्षेत्रांतील पेरणीचा काळ

मराठी कागदपत्रें वाचणाऱ्यास मृग हा शब्द नवा नाहीं. ज्या सनास आपण शुहूर सन, सुरसन किंवा अरबी सन म्हणतों त्याचेंच लौकिक नांव मृगसाल. सूर्य मृगशीर्ष नक्षत्रीं आला म्हणजे हें साल पालटतें. साऱ्याचें व जमाबंदीचें वर्ष पेरणीच्या तोंडाशीं सुरू व्हावें ही त्यांतील सोय उघड आहे. परंतु मृग लागतो ती इंग्रजी तारीख कोणती, असें विचारलें असतां आपल्यापैकीं बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावतां ७ जून असें उत्तर देतील. आम्हीही तीस वर्षें वर्गांत तेंच सांगत आलों. तें उत्तर आजच्या पंचांगापुरतें खरें आहे. जुन्या कागदांस तें लावणें ही चूक आहे, आणि ती चूक आमच्या पदरांत ज्यानें घातली तो कोणी संशोधक नव्हता, शेतांत राबणारा मनुष्य होता. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतों.

आमचा एक जुना विद्यार्थी एका कृषिविद्यापीठाच्या कोरडवाहू प्रयोगक्षेत्रावर पुष्कळ वर्षें नोकरीस होता. त्याच्या आग्रहावरून आम्ही एकदां जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत तें क्षेत्र पाहण्यास गेलों. मृग लागून तीन दिवस झाले होते. तिफणी चाललेल्या दिसतील अशी आमची अपेक्षा. पाहतों तों रान नांगरून, कुळवून, आखून तयार, प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यास क्रमांकाची खुंटी, आणि दाणा मात्र एकही पडलेला नाहीं. आम्हीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, मृग लागला तो पंचांगांत. जमिनींत अजून लागायचा आहे.” थोड्या वेळानें त्यानेंच उलट विचारलें, “शिवाजीमहाराजांच्या वेळींही मृग सात जूनलाच लागत होता का?” आम्हीं होय म्हणून सांगितलें, आणि घरीं येऊन गणित मांडलें तेव्हां खजील झालों.

गणित अवघड नाहीं. आपलीं पंचांगें निरयन मानाचीं आहेत. सूर्यसिद्धांताचें वर्ष ऋतूंच्या म्हणजे सायन वर्षापेक्षां किंचित् मोठें असल्यामुळें सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानानें सुमारें साठ वर्षांस एक दिवस पुढें सरकतो. याचा एक पुरावा हाताशींच आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित व रॉबर्ट स्यूएल यांनीं १८९६ सालीं भारतीय कालगणनेवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत मुंबई इलाख्यांतील कांहीं भागांच्या फसलीचा आरंभ मृगप्रवेशापासून, म्हणजे त्या काळीं जूनच्या ५ किंवा ६ तारखेच्या सुमारास, असा दिला आहे. आज तोच प्रवेश ७ किंवा ८ जूनला होतो. सव्वाशे वर्षांत दोन दिवसांचें अंतर पडलें. दीक्षित हे सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. ऋतु आणि नक्षत्रें यांची फारकत होत जाते हें त्यांनीं कंठशोष करून सांगितलें, आणि आपण त्यांचा ग्रंथ कपाटांत ठेवून ७ जून धरून बसलों.

याच रीतीनें १६७४ पर्यंत मागें गेल्यास मृगप्रवेश आजच्या, म्हणजे ग्रेगरी पद्धतीच्या, तारखेनें सुमारें २ जूनला पडतो. परंतु येथें दुसरी एक फसगत आहे. इंग्रज वखारवाले १७५२ पर्यंत ज्यूलियन म्हणजे जुनी पद्धत वापरीत, आणि त्या शतकांत ती दहा दिवस मागें होती. म्हणून सुरतेच्या किंवा मुंबईच्या इंग्रजी पत्रांत त्याच मृगाची तारीख २३ मे च्या आसपास येईल. पोर्तुगीज राज्यांत ग्रेगरी सुधारणा १५८२ सालींच स्वीकारली गेली होती, तेव्हां गोव्याच्या कागदांत तोच दिवस २ जूनचा दिसेल. एकच मृग, आणि तारखा दोन; आजची ७ जून ही तिसरी, व ती दोहोंशींही जुळत नाहीं.

सर्वांच्या परिचयाचें उदाहरण राज्याभिषेकाचें. शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस ६ जून १६७४ ही जी तारीख आपण लावितों ती जुन्या पद्धतीची आहे. हेन्री ऑक्झेंडनच्या वृत्तांतांतील तारखाही त्याच पद्धतीच्या. आजच्या पद्धतीनें तो दिवस १६ जून. हल्लीं ६ जूनला रायगडावर जाणाऱ्यास मृग उद्यां लागणार असें वाटतें. त्या वर्षीं प्रत्यक्षांत मृगाचे चौदा दिवस सरून आर्द्रा उंबरठ्यावर आली होती. राजधानींत सोहळा चालला असतां खालच्या खोऱ्यांत पेरणी कोणत्या अवस्थेंत होती, याविषयीं जो कोणी तर्क करील त्यानें हें अंतर ध्यानांत घेतलेंच पाहिजे.

मृगसालाच्या उगमाविषयीं मान्य मत असें कीं इ. स. १३४४ त हिजरी ७४५ चा आरंभ १५ मे रोजीं झाला, तो मृगप्रवेशाच्या जवळपास आला, आणि तेव्हांपासून हा सन सौर मानानें स्वतंत्र चालला. महिने व चंद्र हिजरीचे राहिले, वर्ष मात्र मृगाचें झालें. सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, हें वाचकांस सांगण्याचें कारण नाहीं. चांद्र वर्ष दरसाल अकरा दिवस मागें सरकतें. त्यावर सारा बसविला तर कांहीं वर्षांनीं पीक उभें राहण्यापूर्वींच वसुली उभी राहते. पेरणीशीं वर्ष बांधण्याचें हें कारण आम्हांस पुरेसें वाटतें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वाक्याकडे वळूं. मृग जमिनींत लागायचा आहे, हें म्हणणें नव्या शास्त्राचें, अशी आमची समजूत झाली होती. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील सीताध्यक्षप्रकरण काढून पाहिलें तों तेथें पेरणी नक्षत्रावर ठेवलेलीच नाहीं. ती पावसाच्या मापावर ठेवली आहे. कोठारांत एक अरत्नि तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा. जांगल प्रदेशांत सोळा द्रोण, अनूपांत त्याच्या दीडपट, अश्मकांत साडेतेरा, अवंतींत तेवीस आणि अपरांतांत अमित असें प्रमाण देऊन, जसें पाणी तसें बहुत किंवा अल्प पाण्याचें पीक पेरवावें असें तो सांगतो. अश्मक म्हणजे आपलें गोदातीर आणि अपरांत म्हणजे कोंकण, हें लक्षांत घेतलें म्हणजे साडेतेरा आणि अमित या दोन शब्दांत सह्याद्रीच्या दोन्ही बाजू आल्या. पुढें धान्यांचे आधीं, मध्यें व शेवटीं पेरण्याचे तीन वर्ग देऊन झाल्यावरही ऋतूस अनुसरून पेरावें अशी मोकळीक त्यानें ठेविली आहे.

उलट कृषिपराशर हा ग्रंथ काळावर फार भर देतो. वैशाखांतील पेरणी उत्तम, ज्येष्ठांतील मध्यम, आषाढांतील अधम आणि श्रावणांतील त्याहून हीन अशी त्याची प्रतवारी आहे. आणि वृषभाच्या शेवटीं व मिथुनाच्या आरंभीं तीन दिवस पृथ्वी रजस्वला असते म्हणून त्या दिवसांत बीज टाकूं नये असा निषेध आहे. मिथुनसंक्रांत आज १५ जूनच्या सुमारास, म्हणजे नेमकी मृगाच्या मध्यावर येते. देशावरचा कुणबी ज्या दिवसांत तिफण धरण्यास अधीर झालेला असतो तेच दिवस पराशरानें वर्ज्य केले! विद्वान् हा ग्रंथ बहुधा बंगालकडील व भातशेतीचा मानितात. तो निषेध जसाच्या तसा महाराष्ट्रास लावणाऱ्या पंडितांनीं हें पाहावें. तसेंच बृहत्संहितेंत ज्येष्ठी पौर्णिमेनंतर पूर्वाषाढादि नक्षत्रांवरून पाऊस वर्तविला आहे, तीं नक्षत्रें चंद्राचीं, रोज पालटणारीं. सूर्याचीं चौदा दिवसांचीं नव्हेत. वराहमिहिराच्या काळीं सूर्य मृगांत मे महिन्याच्या मध्यावरच येत असे. तेव्हां आपल्या मृगाच्या पावसास त्याचा आधार शोधणें व्यर्थ होय.

विद्यापीठांच्या क्षेत्रांवर आज जो नियम चालतो तो पराशरापेक्षां कौटिल्याच्या जवळचा आहे. आपल्याकडे विद्यापीठीय कृषिशिक्षणाचा आरंभ १८७९ सालीं पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतील शेतकीच्या वर्गानें झाला. पुढें शेतकी महाविद्यालय स्वतंत्र झालें, आणि राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) येथें कृषिविद्यापीठें निघाली. पुण्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनीं दख्खनच्या १८६५ ते १९३८ पर्यंतच्या पावसाचा व दुष्काळांचा जो अभ्यास केला तो १९५५ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. पावसाची बेरीज पुरी असूनही तो अवेळीं पडल्यानें पीक कसें बुडतें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें असे आंकडे चाळावेत. खरिपासाठीं सांप्रतची शिफारस अशी कीं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावांचून पेरूं नये. पहिल्या सरीवर पेरलेलें बीं उगवतें, मग पावसाची उघडीप पडते आणि मोड जळून जातो. दुबार पेरणीचें संकट तें हेंच. फार उशीर केला तर ज्वारीस खोडमाशी गांठते. रब्बी ज्वारीची कथा वेगळी. सोलापूरच्या बाजूस, जेथें कोरडवाहू शेतीचें संशोधन १९३३ पासून चाललें आहे आणि जेथून जवळच मोहोळास मालदांडी ३५-१ हा वाण निवडला गेला, तेथें १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा काळ सांगतात. काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर तें पीक निघतें. नक्षत्रांत बोलावयाचें तर उत्तरा आणि हस्त हीं पुरीं, आणि चित्रेचा आरंभ. येथें शेतकऱ्याचा हस्त आणि शास्त्रज्ञाचा आठवडा एकाच ठिकाणीं येतात, हें आम्हांस मोठें समाधानाचें वाटलें. आठवडा म्हणण्याचें कारण असें कीं तीं मंडळी वर्षाचे बावन्न हवामान-आठवडे करितात. तेविसावा ४ ते १० जूनचा, चोविसावा ११ ते १७ जूनचा. तो आठवडा ऋतूस बांधलेला असल्यामुळें सरकत नाहीं. नक्षत्राची सोय ही कीं तें निरक्षरासही मुखोद्गत असतें.

प्रयोगाच्या रानांत पेरणीच्या तारखेस आणखी एक महत्त्व आहे, जें सामान्य शेतांत नसतें. दहा वाणांची तुलना करावयाची आणि पांच आज, पांच चार दिवसांनीं पेरले, तर उत्पन्नांतील फरक वाणाचा कीं तारखेचा हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. म्हणून सर्व वाफे शक्यतों एकाच दिवशीं टोकले जातात, आणि कोणत्या वाफ्यांत कोणता वाण हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोपविलें जातें. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें १९१९ त आलेल्या रोनाल्ड फिशरनें या पद्धतीस शास्त्राचें रूप दिलें. कित्येकदां तर तारीख हाच प्रयोगाचा विषय असतो: वाण एक, आणि पेरणी पंधरा पंधरा दिवसांच्या अंतरानें. अशा प्रयोगाच्या वहींतील तारीख एका दिवसानें चुकीची वाचली तर सगळा प्रयोगच चुकीचा वाचला गेला. आपण शिलालेखाच्या तिथीविषयीं याहून निराळें काय म्हणतों?

आणि या वह्यांची स्थिति चांगली नाहीं. एका केंद्रावर (त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) जागा मोकळी करतांना जुन्या नोंदवह्या रद्दींत गेल्या. आमच्या विद्यार्थ्यानें त्यांपैकीं तीन वजनावर पैसे देऊन सोडवून आणल्या व आमच्या हवालीं केल्या. पाऊस इंचांत, क्षेत्र गुंठ्यांत, उत्पन्न पौंडांत. तारखा इंग्रजींत, सुबक. आणि समासांत बहुधा मुकादमाच्या हातच्या मोडींत त्रोटक टिपा. एका पानावर “मृग कोरडा, आर्द्रेंत वाफसा” एवढेंच आहे, शेजारीं इंग्रजी तारीख आहे. दुहेरी कालनिर्देश असलेला कागद मिळाला म्हणजे आपणांस केवढा हर्ष होतो! येथें पानोपानीं तसा निर्देश आहे, आणि तो रद्दींत निघाला होता. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या संग्रहांत आली नसती आणि शामशास्त्र्यांनीं ती १९०९ त छापली नसती, तर अश्मकाचे साडेतेरा द्रोण आज कोणास ठाऊक असते?

ज्यांच्या संग्रहीं शेतकी खात्याच्या, महाविद्यालयांच्या किंवा इनामदारांच्या खासगी शेतांच्या अशा वह्या असतील त्यांनीं त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. पाहणीच्या कागदांत मृग, आर्द्रा, हस्त हे शब्द जेथें येतील तेथें मूळ सन, चंद्र व तारखेची पद्धत जशीच्या तशी उतरून घ्यावी, आपल्या मनानें ७ जून घालूं नये. आमच्याकडील तीन वह्यांपैकीं पहिलीची नक्कल पुरी झाली आहे. दुसरीचीं पानें ओलीनें एकमेकांस चिकटलीं आहेत. तीं सुटतील तशीं उतरून घेत आहों.